जीपीएस झाका, नकाशा उघडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि हौशी मंडळांत हल्ली ‘सिम नाइट’ भरतात. हॉलमध्ये संगणक मांडायचे, जॉयस्टिक जोडायच्या आणि मध्यरात्रीपर्यंत आळीपाळीने हेलिकॉप्टर उडवायचे. उत्साह दांडगा असतो, पण बहुतेक वेळ होव्हर धरण्यात, म्हणजे हवेत एका जागी स्थिर राहण्यात, आणि गच्चीवर उतरून दाखवण्यात जातो. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचे म्हटले की सगळ्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या सरकत्या बाणावर. तो बाण काढून घेतला तर मुंबईहून अलिबागपर्यंत पोचणेही अवघड होते. यातल्या निम्म्या रात्री तरी निव्वळ नेव्हिगेशनला, म्हणजे वाट शोधत जाण्याला, द्याव्यात असे आम्हाला मनापासून वाटते. त्या कशा भरवायच्या, ते या पत्रात सविस्तर लिहीत आहोत.

आग्रहाचे कारण गंभीर आहे. 8 डिसेंबर 2021 रोजी कुन्नूरजवळ हवाई दलाचे एमआय-17 व्ही5 कोसळले आणि जनरल बिपिन रावत यांच्यासह त्यातले सगळे गेले. यंत्रातला बिघाड, घातपात किंवा हलगर्जी ही कारणे चौकशीत नाकारली गेली. दरीत हवामान अचानक बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाला दिशेचे व स्थितीचे भान राहिले नाही, असा निष्कर्ष निघाला. 2 ऑक्टोबर 2024 च्या सकाळी पुण्याजवळ बावधनहून जुहूकडे निघालेले हेलिकॉप्टर काही मिनिटांत डोंगरात पडले आणि तिघांचा जीव गेला. तेव्हा त्या भागात दाट धुके होते. घरच्या संगणकावरच्या सरावाने असे अपघात टळतील असा दावा कोणी करू नये. ते तास लायसन्सलाही धरले जात नाहीत. पण पुढच्या दहा मिनिटांत आपण कुठे असू, तिथला डोंगर किती उंच, आणि दिसेनासे झाले तर कुठे वळायचे, हा विचार सतत करत राहण्याची सवय मात्र संगणकावर उत्तम लागते. ती लहान वयात लागावी.

आठ जण असावेत आणि त्यांच्या चार जोड्या कराव्यात. एकाने उडवायचे, दुसऱ्याने नकाशा, पेन्सिल आणि स्टॉपवॉच सांभाळायचे. एकट्याने दोन्ही केले की माणूस गणित सोडून देतो आणि अंदाजाने उडत राहतो. जोडीत मात्र आकडा तोंडाने बोलून सांगावा लागतो, आणि बोलताना चूक कानाला खटकते. नववा माणूस मिळाला तर त्याने नियंत्रक व्हावे.

सिम्युलेटर सगळ्यांचा एकच असावा. फ्लाइटगिअर फुकट आहे आणि जुन्या संगणकावरही चालतो. एक्स-प्लेन 12 मध्ये रॉबिन्सन आर-22 मुळातच मिळते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या 2020 च्या आवृत्तीत नोव्हेंबर 2022 पासून बेल 407 आणि गिम्बाल काब्री जी2 आहेत. दोन वेगवेगळे सिम्युलेटर एकाच रात्री चालवू नयेत. एकात दिसणारा तलाव दुसऱ्यात नसतो, मग चूक माणसाची की चित्राची यावर रात्र जाते. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर जमिनीचे चित्र इंटरनेटवरून ओढतो आणि 2020 च्या आवृत्तीला प्रत्येक संगणकामागे 20 एमबीपीएसचा वेग सुचवलेला आहे. चार संगणकांना 80 झाले. एवढी जोडणी नसेल तर प्रत्येक संगणकावर आदल्या दिवशी तोच मार्ग एकदा उडून घ्यावा, म्हणजे चित्र डिस्कवर साठते. फ्लाइटगिअरमध्ये जमिनीचे तुकडे अक्षांश-रेखांशाच्या नावाने असतात. खालच्या मार्गासाठी ‘ई070एन10’ हा मोठा गठ्ठा आधी उतरवून ठेवला की इंटरनेट लागत नाही.

विजेचे गणित बहुतेक ठिकाणी चुकते. 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून 230 व्होल्टला जेमतेम 1,380 वॅट मिळतात. गेमिंगचा संगणक आणि पडदा मिळून 400 वॅटच्या आसपास ओढतात, म्हणजे थोडी मोकळीक ठेवून एका सॉकेटवर दोनच संगणक. चारही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावले की उड्डाणाच्या मध्यावर फ्यूज जातो आणि नोंदी अर्ध्यावर राहतात.

आता मार्ग. किनारा, सपाट कोकण, घाटमाथा आणि पठार असे चारही प्रकार एका मार्गात हवे असतील तर मुंबईतील जुहू ते पुण्याचा लोहगाव विमानतळ यासारखा मार्ग नाही. जुहूचा विमानतळ 1928 सालचा. आजही मुंबईतले हेलिकॉप्टरचे मुख्य ठिकाण तेच आहे. जुहूहून अलिबागचा कुलाबा किल्ला 28 सागरी मैल, तिथून मुरूड-जंजिरा 21, जंजिऱ्याहून रायगड साडेसत्तावीस, रायगडाहून तोरणा साडेदहा, तोरण्याहून सिंहगड सव्वानऊ आणि सिंहगडाहून लोहगाव 16. एकूण सुमारे 112 मैल. 90 नॉटचा, म्हणजे तासाला 90 सागरी मैलांचा, वेग धरला तर सव्वा तासाच्या आत संपते. त्यापुढे नवशिक्यांचे लक्ष राहत नाही.

किल्ल्यांवरच भिस्त ठेवू नये, याची सूचना आधीच द्यावी. फ्लाइटगिअरच्या ढोबळ उंची-आराखड्यात रायगडाचे कडे गोल होऊन जातात, आणि जंजिरा म्हणजे पाण्यातला ठिपका, तोही दिसला तर. म्हणून प्रत्येक टप्प्यात एक तरी अशी खूण धरावी जी सिम्युलेटर नक्की दाखवतो: नदीचे वळण, खाडीचे मुख, धरणाचे पाणी, रेल्वे, महामार्ग. जंजिरा-रायगड टप्प्यात अशी खूण माणगावला मिळते. कोकण रेल्वे आणि मुंबई-गोवा महामार्ग, दोन्ही उत्तर-दक्षिण धावत आपली वाट तिथे आडवी कापतात, जंजिऱ्यापासून 18 मैलांवर. आयोजकाने हा मार्ग आदल्या दिवशी स्वतः उडून, काय दिसते आणि काय नाही ते लिहून ठेवावे.

नकाशा 1:2,50,000 चा घ्यावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकांप्रमाणे जुहूसाठी 47 ए, अलिबाग-जंजिऱ्यासाठी 47 बी आणि रायगड ते पुणे 47 एफ. 1:50,000 चे नकाशे सुंदर असतात, पण त्यावर पहिला टप्पाच एक मीटरहून लांब होतो. तो मांडीवर मावत नाही. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की प्रमाण बिघडते आणि पुढचे सगळे मोजमाप खोटे ठरते. तपासायचे असे: नकाशाच्या डाव्या किंवा उजव्या कडेला अक्षांशाची 10 मिनिटे पट्टीने मोजा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1,852 मीटर. म्हणून 10 मिनिटे 7.4 सेंटिमीटर भरायला हवीत. कमी भरली तर पुन्हा छापा. वरच्या-खालच्या कडेवर मोजू नका. रेखांशाचे मिनिट आपल्याकडे मैलापेक्षा थोडे आखूड असते.

सर्वांत धोकादायक चूक एककांची. नकाशावर उंची मीटरमध्ये, हेलिकॉप्टरच्या अल्टिमीटरवर (हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या मापकावर) फुटांत. तोरणा 1,403 मीटर, म्हणजे 4,603 फूट. घाईत कोणी 1,403 फूट वाचले आणि 2,500 फुटांवर निर्धास्त निघाले, तर सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. म्हणून उड्डाणाआधी मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैलांतला सर्वांत उंच बिंदू शोधून, तो फुटांत करून, त्यात 1,000 मिळवावेत आणि तो आकडा टप्प्याशेजारी लाल पेन्सिलीने लिहावा. तोरण्याच्या टप्प्याला 5,600 फूट येतात. अल्टिमीटरचा दाब सर्वांनी नियंत्रकाने दिलेलाच लावावा. 10 हेक्टोपास्कल चुकले तर उंची जवळपास 300 फुटांनी खोटी दिसते.

हवामान ‘थेट’ ठेवू नये, हाताने भरावे आणि चारही संगणकांवर तंतोतंत एक असावे. आमची शिफारस: सकाळचे 9, दृश्यमानता 10 किलोमीटर, जमिनीपासून 6,000 फुटांपर्यंत वारा 300 अंशांवरून, म्हणजे साधारण वायव्येकडून, 15 नॉट (अंश उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायचे). वाऱ्याचे थर वेगवेगळे राहिले तर चढताना आकडे बदलतात आणि चूक सापडत नाही. चुंबकीय फरकाचा, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतल्या कोनाचा, त्रास आपल्या भागात जवळजवळ नाही. तो एका अंशाच्या आत असल्याने नकाशावरचा कोन तसाच होकायंत्रावर धरता येतो. ही सोय आहे आणि उणीवही, कारण हा फरक मिळवण्या-वजा करण्याचा सराव इथे होत नाही. त्यासाठी कधीतरी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा मार्ग घ्यावा. सिअ‍ॅटलला तो 15 अंशांच्या आसपास असतो.

आता गणित. पहिला टप्पा 176 अंशांचा. वारा उजवीकडून ढकलतो, म्हणून नाक 8 अंश उजवीकडे, 184 वर ठेवायचे. जमिनीवरचा वेग, म्हणजे वाऱ्यासकट जमिनीच्या तुलनेतला वेग, 97 नॉट येतो, वेळ 17 मिनिटे. वाऱ्याचा हिशेब न करणारा कुलाबा किल्ल्याऐवजी साडेतीन-चार मैल पूर्वेला, जमिनीवर आत जाऊन पोचतो आणि किल्ला शोधत बसतो. दुसरा टप्पा 164 अंश, हेडिंग (नाकाची दिशा) 171, साडेबारा मिनिटे. इथवर किनारा डाव्या हाताला साथ देतो, त्यामुळे चूक दुरुस्त करणे सोपे.

खरी परीक्षा तिसऱ्या टप्प्याची, म्हणून त्यावर जास्त वेळ द्यावा. दिशा 98 अंश, वारा पाठीमागून डावीकडून. हेडिंग 94, जमिनीवरचा वेग 104. सरळ भागाकाराने रायगड 16 मिनिटांत यायला हवा. वारा नसता तर 18 मिनिटे आणि वर थोडे सेकंद लागले असते. पण याच टप्प्यात 1,500 फुटांवरून 5,600 फुटांवर चढायचे असते. मिनिटाला 500 फूट चढलो तर आठ मिनिटे लागतात आणि त्या काळात वेग 90 राहत नाही, 60 च्या आसपास येतो. त्यामुळे पहिल्या आठ मिनिटांत दहाच मैल कापले जातात आणि रायगड यायला एकूण 18 मिनिटे लागतात. म्हणजे ज्याने वाराही धरला नाही आणि चढणही धरली नाही, त्याचे उत्तर बरोबर येते! दोन चुका एकमेकींना झाकतात आणि तो नेव्हिगेटर खुशीत पुढे जातो. त्याला पकडायची जागा माणगाव. त्याच्या हिशेबाने रेल्वे 12 मिनिटांनी यायला हवी, ती पावणेतेराव्या मिनिटाला येते, आणि वारा न धरल्यामुळे तो तोवर मैलभर दक्षिणेलाही सरकलेला असतो. चर्चेत हा टप्पा फळ्यावर मांडून दाखवावा. एवढ्या एका उदाहरणात अर्धे नेव्हिगेशन कळते.

वर गेल्यावर आणखी एक बाब. 5,600 फुटांवर हवा विरळ असते. वेगमापकावर 90 दिसत असताना खरा वेग 100 नॉटच्या जवळ असतो. हजार फुटांना दोन टक्के हा ढोबळ नियम पुरतो. त्या हिशेबाने तोरणा 6 मिनिटांत, सिंहगड आणखी 5 मिनिटांत येतो. तिथून लोहगाव सुमारे 10 मिनिटे. लोहगावची धावपट्टी 1,942 फुटांवर आहे हे विसरून जुहूच्या सवयीने उंची धरणारे पुष्कळ असतात. सिंहगड सोडल्याबरोबर मिनिटाला 300 फुटांनी उतरायला लागले की सगळे नीट बसते.

रात्रीचे वेळापत्रक साधे. सात वाजता जोडणी, साडेसातला नकाशावर रेषा ओढून गणित, सव्वाआठला गणितांची अदलाबदल करून एका जोडीने दुसरीचे तपासायचे. साडेआठला पहिले उड्डाण. जोड्या तीन-तीन मिनिटांच्या अंतराने सोडाव्यात. 90 नॉटला तेवढ्यात साडेचार मैल पडतात, आणि पुढच्याच्या शेपटीमागे जायची सोय राहत नाही. इतर हेलिकॉप्टरांवर दिसणाऱ्या नावाच्या पाट्या बंद कराव्यात, टकरीचे परिणामही बंद ठेवावेत. कॉकपिटमधल्या जीपीएसच्या जागी पडद्यावर कागद चिकटवावा. सेटिंगमध्ये बंद करण्यापेक्षा हे खात्रीचे, कारण कागद काढला तर सगळ्यांना दिसतो. मोबाइल एका टोपलीत जमा करावेत.

ज्याला होव्हर धरता येत नाही त्याला जमिनीवरून उठायला लावू नये. त्याची सुरुवात जुहूवर 1,000 फुटांवर, 80 नॉटच्या वेगाने हवेतच करून द्यावी, नाहीतर त्याची सगळी रात्र पहिल्या पन्नास फुटांत संपते. कलेक्टिव्हसाठी (हेलिकॉप्टर वर-खाली नेणाऱ्या दांड्यासाठी) थ्रॉटलची पट्टी वापरत असाल तर ती उलटी लावा, म्हणजे स्वतःकडे ओढली की शक्ती वाढेल. तशी न लावता सराव केला तर हाताला चुकीची सवय लागते आणि ती सुटायला महिने जातात. उतरताना 30 नॉटच्या खाली वेग आणि मिनिटाला 300 फुटांपेक्षा जास्त उतार, तोही कलेक्टिव्ह ओढलेला असताना, असे एकत्र आले की हेलिकॉप्टर स्वतःच्याच खाली फेकलेल्या हवेत बुडते. कलेक्टिव्ह आणखी ओढला की ते जास्तच बुडते. सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे व बाजूंना झुकवणारा दांडा) पुढे देऊन वेग घेणे हा उपाय. सव्वा तास नीट येऊन लोहगावला शेवटच्या मिनिटाला पडणाऱ्यांचे कारण बहुधा हेच असते.

बोलण्याची शिस्त हवी. जोडीतले बोलणे वेगळ्या वाहिनीवर, सगळ्यांसाठीचे वेगळ्या, आणि बटण दाबल्याशिवाय माइक सुरू होता कामा नये. प्रत्येक खुणेवर एकच साचा: ठिकाण, वेळ, उंची, पुढचे ठिकाण, तिथली अपेक्षित वेळ. घड्याळ कोणते ते आधी ठरवा. सिम्युलेटरमध्ये जागतिक वेळ दिसते, भिंतीवर भारतीय. दोहोंत साडेपाच तास, त्यामुळे मिनिटांचा काटाही अर्ध्या तासाने चुकतो आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो.

प्रत्येक जोडीला एक बंद पाकीट द्यावे. ते माणगावची रेल्वे ओलांडल्यावरच उघडायचे. तीन पाकिटांत ‘पुढे चला’. एकात ‘दृश्यमानता 3 किलोमीटर करा’. कोणाच्या वाट्याला ते येईल हे आयोजकालाही ठाऊक नसावे. पाच किलोमीटरच्या खाली घाट चढायचा नाही, हा नियम सुरुवातीलाच फळ्यावर लिहिलेला असतो. ती जोडी काय करते ते पाहावे. योग्य कृती एकच: उंची राखून मागे वळणे, पश्चिमेचे हेडिंग धरणे आणि समुद्र लागला की किनाऱ्याने उत्तरेला जाणे. वारा आता समोर असल्याने परतीला जास्त वेळ लागणार, तोही हिशेब तिथल्या तिथे करायचा. वळलेल्या जोडीला पूर्ण गुण द्यावेत, लोहगावला पोचलेल्यांइतकेच. ‘थोडे पुढे जाऊन पाहू’ म्हणत रायगडापलीकडे गेलेल्या जोडीला, ती सुखरूप पोचली तरी, शून्य. या नियमावरून वाद होतो. होऊ द्यावा, पण गुण बदलू नयेत.

वाट चुकली असे वाटले तर पहिले काम वेळ लिहिणे. मग शेवटच्या खात्रीच्या खुणेपासून किती मिनिटे झाली त्यावरून अंतर काढून नकाशावर कंस ओढायचा आणि त्या कंसाजवळची लांब रेघ गाठायची: किनारा, रेल्वे किंवा महामार्ग. गाव शोधत गोल फिरू नये. वरून कोकणातली वाडी सगळीकडे सारखीच दिसते.

गुण वेगाला नकोत. प्रत्येक खुणेवर सांगितलेल्या वेळेपासून एका मिनिटाच्या आत आणि रेषेपासून एका मैलाच्या आत असेल तर दोन, दोन मिनिटे व दोन मैलांच्या आत एक. मोजण्यासाठी लिटल नॅव्हमॅप हा फुकटचा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या आणि एक्स-प्लेनच्या सिम्युलेटरशी जोडता येतो. तो उडालेली वाट आखतो आणि फाइल करून देतो. त्याचा पडदा मात्र उडणाऱ्यांपासून लपवलेला हवा. उड्डाणानंतर चारही वाटा एकावर एक ठेवून अर्धा तास चर्चा करावी. दहा वाजता सगळे घरी जायच्या घाईत असतात आणि हाच भाग गाळला जातो. तो गाळायचा असेल तर शेवटचा टप्पा गाळा, चर्चा नको.

शेवटी विनंती अशी की, ज्या महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा शनिवारी संध्याकाळी कुलूपबंद असतात त्यांनी महिन्यातून एकदा त्या अशा रात्रीसाठी, एनसीसीच्या हवाई शाखेच्या मुलामुलींसाठी आणि जवळच्या एरोमॉडेलिंग मंडळांसाठी उघडाव्यात. साहित्य फार लागत नाही. जोडीमागे तीन नकाशे, 30 सेंटिमीटरची पट्टी, कोनमापक, लाल आणि काळी पेन्सिल, स्टॉपवॉच, आणि हाताने आखलेले एक नोंदपत्रक. त्यात आठ रकाने पुरतात: कुठून, कुठे, दिशा, हेडिंग, अंतर, किमान सुरक्षित उंची, अपेक्षित वेळ, प्रत्यक्ष वेळ. शेवटचा रकाना पेनाने भरायचा, म्हणजे नंतर खोडता येत नाही.

आपले नम्र,
हेलिकॉप्टर सिम्युलेशनचा सराव घेणारे काही वाचक, पुणे